डब्यावरचा ठेका

शिरूरहून दौंडला येताना एसटीत माझ्या शेजारी कारखान्यातून सुटलेली एक पोरगी बसली होती. कानात इयरफोन, मांडीवर रिकामा डबा आणि डब्यावर बोटांचा ठेका. काय ऐकतेस विचारलं, तर तिनं एक इयरफोन मलाच दिला. कुणी मुलगी अरबीत तावातावानं रॅप करत होती.

"पॅलेस्टाईनची हाय, काकू. आजीचं गाव हिसकावलं, त्याचा जाब विचारती."

"तुला कळतं?"

"मोबाईलवर गाण्याखाली अर्थ येतो. पण गावाचं नाव घ्यायच्या आधी ती जरा थांबती, ते न वाचता कळतं. आमचं गाव धरणात गेलं. मी तर बघितलं बी न्हाई."

"काय नाव गावाचं?"

तिची डब्यावरची बोटं थांबली.