यान नाइंगच्या नावे दान

यान नाइंग बुधवारी दुपारनंतर जन्मला, तेव्हाच सुईण म्हणाली होती, पोर हट्टी निघणार. आमच्याकडे त्या वेळेच्या पोरांना बिनसुळ्याच्या हत्तीची म्हणतात. वाटेत बसली की बसली. त्याच्या आईला, डो खिन ओनला, त्याचंही कौतुकच. इरावतीच्या काठावर नवऱ्यानं बांधलेलं सागवानी घर, दारात चिंच, मागं ताडगुळाच्या चुली. नवरा लवकर गेला. तिनं गूळ विकून पोराला मास्तर केलं.

पुढं लष्करानं अख्खी निवडणूक गिळली. मास्तरांनी पाचवीच्या फळ्यावर गणित घातलं: एवढी मतं पडली, मोजलं एकही नाही, तर बाकी कुठं गेली? आठवड्याभरात तो शाळेची घंटा हातात घेऊन मोर्चाच्या पुढं चालत होता आणि त्याच्या नावाचं वॉरंट निघालं होतं.

पळायच्या आधी तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या भात गिळत होता.

“आई, ते तुला पेपरात छापायला लावतील, हा माझा मुलगा नाही म्हणून. छापून टाक.”

“जीभ झडो तुझी!”

“अगं, सगळ्याच आया छापतायत. घर तरी वाचेल. मला टाकलंस तरी चालेल, फक्त चटणी पाठवायला विसरू नकोस.”

चटणी म्हणजे सुक्या कोळंबीची, लसूण आणि लाल मिरची घालून तेलात कुरकुरीत परतलेली. तिच्याशिवाय त्याला भात उतरत नसे.

दोनच दिवसांनी वॉर्डाचा मुखिया ऊ सान ल्विन आला. अंगणात पानाची पिंक टाकून म्हणाला, “खिन ओन, शहाणी हो. दोन ओळी छाप. घराला सील लागलं तर काय चिंचेखाली संसार मांडणार?” बोलताना त्याची नजर घराच्या खांबांवरून फिरत होती. माणूस लाकूड बघतोय हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिनं छापलं. ‘माझ्या मनाविरुद्ध वागणाऱ्या यान नाइंग या मुलाशी माझं आता कोणतंही नातं नाही.’ गल्लीनं ते वाचलं आणि दुसऱ्या सकाळी गूळ घ्यायला येणारी प्रत्येक बाई कुजबुजून विचारून गेली, “पोरगा सुखरूप आहे ना?” त्या जाहिरातीवर कुणाचाच विश्वास नव्हता. ती पावसापुरती डोक्यावर धरायची छत्री होती, आणि हे सरकारलाही ठाऊक असणार असं खिन ओन धरून चालली. तिथंच ती चुकली.

पावसाळ्याच्या तोंडाला पोरगा पकडला गेला. शिक्षा होऊन गावच्याच तुरुंगात आला. ती चटणीचा डबा घेऊन पहाटेच रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या कारकुनानं नाव विचारलं, फाईल उघडली आणि आत चिकटवलेलं कात्रण तिच्यापुढं धरलं.

“मावशी, डबा फक्त नातेवाइकांचा घेतो आम्ही.”

“मी आई आहे त्याची.”

“तुम्हीच छापलंय ना, नाही म्हणून? आता सरकारी पेपर खोटा म्हणायचा का?” मागं दोघं शिपाई फिदीफिदी हसले.

ती तडक पेपरच्या कचेरीत गेली. नातं परत जोडायची जाहिरात घ्या म्हणाली. तिथला माणूस बिचारा सज्जन होता. म्हणाला, “तोडायची रोज छापतो, आजी. जोडायची छापली तर मीही त्याच्या शेजारी जाऊन बसेन.”

धाकटी बहीण डो न्युंट तोंडाची फटकळ. “तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं!” असं म्हणाली, आणि मग तीच आधी रडली. तिच्याही नावानं डबा जाईना. खिडकीला फक्त आईबाप नाहीतर बायको चालायची.

वाट दाखवली ती विहारातल्या भन्तेंनी. दानाला नातं लागत नाही. विहारामार्फत कुणीही कैद्यांना जेवण घालू शकतं. पण एकट्यादुकट्याला नाही, घालायचं तर सगळ्या तुरुंगाला.

“सगळ्यांना घालीन,” खिन ओन म्हणाली. “त्याच्याही पानात पडेलच ना.”

सगळ्या तुरुंगाला जेवण गुळाच्या पैशात होत नाही. तिनं घर विकलं. त्या घरात लष्कराच्या धाकानं दुसरं कोण येणार? ऊ सान ल्विननंच घेतलं, पडत्या भावात. वर तिला म्हणाला, “बघ, घर वाचलं की नाही?” तिला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकली नाही, कारण विहाराच्या अर्जावर त्याचीच सही हवी होती.

पाऊस सरल्यावर, दिव्यांच्या पौर्णिमेनंतर, तुरुंगाच्या फाटकाशी हंडे लागले. भात, कोंबडीचा रस्सा आणि बहिणीबहिणींनी मिळून परतलेली पिंपभर चटणी. फाटकाच्या आत बायकांना मज्जाव. खिन ओन फाटकाबाहेरच्या ओसरीवर हात जोडून बसली. भिंतीपलीकडं ताटल्या वाजल्या. जेवणं झाल्यावर कैद्यांनी रीतीप्रमाणे एका सुरात तीनदा म्हटलं, “साधु, साधु, साधु.” तिनं बहिणीचं मनगट घट्ट धरलं.

“ऐकलंस? शेवटचा आवाज त्याचाच. साधु लांबवतो तो, लहानपणापासून.”

खिन ओनच्या चेहऱ्यावर किती तरी महिन्यांनी रंग आला होता.

तेवढ्यात कारकून वही घेऊन आला. तोच, खिडकीतला. त्यानं ढेकर दिली. “चटणी फक्कड होती, मावशी. दान कुणाच्या नावे लिहू?”

“मुलाच्या. यान नाइंगच्या.”

त्याचं पेन थांबलं. जेवल्यामुळं असेल, पण त्याचा आवाज या वेळी मऊ होता. “तो मास्तर? त्याला तर भर पावसाळ्यातच दुसऱ्या तुरुंगात हलवला.”

“कुठल्या?”

कारकुनानं इकडंतिकडं पाहिलं. वही मिटली.

“ते फक्त नातेवाइकांना सांगायचं असतं.”