पणजोबांचं महायुद्ध

माझ्या आजोबांनी दुसरं महायुद्ध खडकीच्या लष्करी डेपोत काढलं. पिठाच्या गोण्या उतरवून घ्यायच्या, रजिस्टरात सही घ्यायची आणि संध्याकाळी सायकलवरून घरी यायचं. कुत्र्यांना ते फार घाबरायचे. बंदुकीचा आवाज त्यांनी ऐकला असेलच, तर लांबून, सराव चालू असताना. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीत ते जर्मनीत युद्धकैदी आहेत.

तेव्हा आम्ही सिंगापूरला, बुकित तिमाहमधल्या एका कॉन्डोत राहायचो. मी एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या टीमचा मॅनेजर होतो, म्हणजे स्वतः काही करत नव्हतो. मुलगा पंधरा वर्षांचा, इंटरनॅशनल स्कूलमध्ये. फ्रेंचचा वर्ग भरला होता म्हणून त्याने जर्मन घेतलं होतं. तीन वर्षांत त्याला स्वतःचं नाव, वय आणि आपल्याला बहीण नाही एवढं जर्मनमध्ये सांगता यायला लागलं होतं.

मग शाळेने दोन आठवड्यांची जर्मनीची सहल जाहीर केली. ‘संस्कृती आणि इतिहासाचा अनुभव’ असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. मुलं तिथल्या कुटुंबांत राहणार, किल्ला बघणार, बर्लिनची भिंत बघणार, छळछावणीच्या स्मारकाला जाणार. पालकांची सभा झाली. एका आईने विचारलं, छावणी बघून मुलं डिस्टर्ब झाली तर त्याच दिवशी संध्याकाळी शॉपिंग ठेवता येईल का. एका वडिलांना शाकाहारी जेवणाची काळजी होती, दुसऱ्यांना वायफायची. मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात हसलो आणि हात वर करून विचारलं, सर्टिफिकेट मिळणार आहे का.

जागा वीस होत्या आणि अर्ज त्याच्या दुप्पट. प्रत्येकाने एक पान लिहायचं होतं, ‘माझं जर्मन इतिहासाशी नातं’. मुलाने लिहिलं त्यात फुटबॉल आणि मोटारी होत्या, चार ओळींत. आमच्या लोकांत मुलाचा निबंध आईबाप लिहितात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. चित्रसुद्धा आईबापच काढतात आणि ते मुलानेच काढलंय असं वाटावं म्हणून थोडं वाकडं काढतात. तेव्हा शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन मी बसलो.

“फॅमिली टच दे काहीतरी,” बायको म्हणाली.

“आपला काय संबंध जर्मनीशी? वॉशिंग मशीन?”

“तुझे आजोबा मिलिटरीत होते ना रे?”

“डेपोत.”

“मिलिटरीच्याच डेपोत ना?”

अर्ध्या तासात मी आजोबांना आफ्रिकेच्या वाळवंटात नेलं, पकडून दिलं, आगगाडीत कोंबलं आणि जर्मनीतल्या एका छावणीत दोन हिवाळे ठेवलं. एका जर्मन बाईने त्यांना कुंपणातून पाव दिला. पावाचं मला स्वतःलाच बरं वाटलं होतं. माहितीच्या जागी मात्र आजोबांचं खरं नाव घातलं. आमच्यासारख्यांचं निम्मं आयुष्य पासपोर्ट आणि एम्प्लॉयमेंट पासचे अर्ज भरण्यात जातं. नाव आणि जन्मतारीख खोटी लिहायला हात धजत नाही, बाकी काहीही लिहायला धजतो.

मुलगा निवडला गेला. त्याच्या जर्मनच्या बाईंना मुलं फ्राऊ म्हणायची. त्यांनी फोन करून सांगितलं की निबंध त्यांनी दोनदा वाचला. आठवड्याने त्यांची मेल आली. ज्या गावात मुलं राहणार होती तिथल्या शाळेचे एक निवृत्त ग्रंथपाल होते, भारतीय कैद्यांची छावणी त्यांच्या गावापासून फार दूर नव्हती, त्यांनी निबंध वाचला होता आणि जुन्या नोंदींत आजोबांचं नाव शोधायची त्यांची इच्छा होती. जन्मतारीख मिळेल का?

तिथे मला थांबता आलं असतं. मी जन्मतारीख कळवली. खरी.

दरम्यान बायकोने ही गोष्ट तिथल्या मराठी मंडळात सांगितली होती. ईस्ट कोस्टला समुद्रकाठी सायकली थांबवून आम्ही सरबत पीत होतो तेव्हा माझा कॉलेजपासूनचा मित्र, जहाजावरचा इंजिनिअर, म्हणाला, “काय रे, तुझे आजोबा डेपोत होते ना? कुत्रं दिसलं की सायकल टाकून पळायचे ते? आता जर्मनांशी लढले का?”

“प्रमोशन झालं,” मी म्हणालो.

आम्ही खूप हसलो.

मुलं गेली. बायकोने बॅगेत मेतकूट आणि यजमानांसाठी बाकरवडीचे सहा पुडे कोंबले होते. मग फोटो येऊ लागले. मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मरणार्थ बर्लिनमध्ये उभे केलेले राखाडी काँक्रीटचे ठोकळे आहेत, त्यांवरून आमची मुलं उड्या मारताना. भिंतीचा तुकडा म्हणून दुकानात विकत घेतलेला रंगीत खडा. छावणीच्या फाटकापाशी दोन बोटं वर करून हसणारे वीस चेहरे. पालकांच्या ग्रुपवर अंगठे आणि फुलं पडत होती. मला या लोकांची किळस आली, आणि माझ्या मुलाच्या फोटोखाली मीही अंगठा टाकला.

दुसऱ्या रविवारी मुलाचा स्काइप आला.

“बाबा, ते ग्रंथपाल अंकल भेटले. त्यांनी महिनाभर शोधलं म्हणे. दोन दुसऱ्या गावांना पण जाऊन आले.”

“मग?”

“नाव नाही सापडलं. मला समोर बसवून सॉरी म्हणाले. म्हणाले, आम्ही तुझ्या पणजोबांना कैद केलं आणि त्यांचं नावसुद्धा नीट लिहून ठेवलं नाही. रडतच होते ऑलमोस्ट.”

“तू काय म्हणालास?”

“नेव्हर माइंड लाह, म्हणालो. मग त्यांनी केक दिला.”

पणजोबा डेपोत होते हे त्याला चांगलं माहीत होतं. कुत्र्यांच्या गोष्टी तो माझ्याकडूनच ऐकून मोठा झाला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणतो याची वाट पाहत. मी विचारलं, थंडी आहे का तिथे.

सहल संपल्यावर महिन्याभराने त्या ग्रंथपालांचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं, इंग्रजीत. त्यांनी शोधलेल्या नोंदवह्यांची यादी होती, आणि आजोबांनी कधी छावणीचा नंबर सांगितला होता का, अशी विचारणा. अजून एका ठिकाणी बघायचं राहिलं होतं, तिथे ते वसंत ऋतूत जाणार होते. वय त्यांनी लिहिलं नव्हतं, पण अक्षर थरथरत होतं.

मी पत्र चार दिवस टेबलावर ठेवलं. खरं सांगायला तीन ओळी पुरल्या असत्या. पण ते फ्राऊंना सांगणार, फ्राऊ शाळेला, आणि मुलाचं नाव खराब होणार. हे मी स्वतःला सांगितलं. माझंच नाव खराब होणार होतं. शेवटी बायकोने मार्ग काढला आणि मी तो टाइप केला, की कुटुंबाला त्या जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या नाहीत, कृपया शोध थांबवावा.

त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. आमच्या दुःखात ढवळाढवळ केल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी मुलगा युनिव्हर्सिटीसाठी अर्ज करत होता. या वेळी निबंध त्याने स्वतः लिहिला आणि मला वाचायला दिला. सुरुवातीलाच पणजोबा होते, मग ते ग्रंथपाल, त्यांची नोंदवही, भरून आलेले डोळे. लिहिलं होतं सुरेख, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

मी त्याच्या खोलीत गेलो. “हे काढून टाक.”

“का?”

“खोटं आहे.”

“तूच लिहिलंस ना पहिल्यांदा.”

“म्हणूनच सांगतोय.”

तो चिडला नाही. समजावल्यासारखं म्हणाला, “बाबा, ते अंकल तर खरे आहेत. त्यांनी खरंच शोधलं, खरंच सॉरी म्हणाले. ते मी पाहिलंय. मी तेवढंच लिहिलंय.”

त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, चल, आत्ता दोघं मिळून त्यांना पत्र लिहू. ते शब्द माझ्या तोंडात आले होते. मी अर्जाची शेवटची तारीख विचारली. ती परवाची होती. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो, दुसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य लांबलं होतं ते तोडून दोन केली, आणि म्हणालो, आता पाठव.