धुराला वाट देणाऱ्या मावशी

घरात पाऊल टाकलं की त्या आधी उदबत्ती मागायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाई मोठी भाविक दिसते. पण उदबत्ती पेटवून त्या देवघराकडे वळायच्या नाहीत. थेट न्हाणीघरात जायच्या, पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाला लावलेल्या धुराड्याशी ती धरायच्या आणि डोळे बारीक करून बघत राहायच्या. धुराची रेघ नळीत वर ओढली गेली, तर मान डोलायची. रेघ अडखळून खोलीत परत आली, तर पदर कमरेला खोचला जायचा. मी चहाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "धुराला आधी वाट द्या बाई, मग मला चहा द्या."

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही नातवंडांनी मला तुमच्या खोलीच्या छताला लावलेलं पांढरं यंत्र दाखवलंत. घरात विषारी वायू साचला की ते ओरडतं म्हणालात. तेव्हापासून या मावशी माझ्या मनातून हलत नाहीत. बीडच्या आमच्या गल्लीत तसलं यंत्र कुणाकडे नव्हतं. आमच्याकडे त्या होत्या.

नेकनूरहून सकाळच्या एसटीने यायच्या. खांद्यावर लांब वेळूची काठी, तिच्या टोकाला तारेने आवळलेला काथ्याचा बोळा आणि पिशवीत पत्र्याच्या दोन-तीन टोप्या. चुलीचं, बंबाचं धुराडं झाडायचं, गंजलेली नळी बदलायची, पाऊस आत येऊ नये म्हणून वर टोपी बसवायची, हे त्यांचं काम. दिवाळीआधी एक फेरी, होळीनंतर एक. बाईमाणूस पत्र्यावर चढतं म्हणून सुरुवातीला गल्लीतले पुरुष खाली उभे राहून हसायचे.

"मावशी, पडताल की!"

"पडले तर तुज्याच अंगावर पडन बे, सरक तिकडं!"

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. डब्यांवर चिठ्ठ्या, पडद्यांना इस्त्री आणि सहाच्या ठोक्याला आंघोळ. माझं घड्याळाशी असलेलं नातं मावशींनी एकदाच मोडलं. होळीनंतरच्या फेरीत त्या पत्र्यावरून उतरल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "टोपीखाली साळुंकीनं घर केलंय. तीन पिल्लं हायेत. बंब पेटवायचा न्हाई."

"मग आंघोळीचं काय?"

"अंगणात तीन दगडं मांडा, पातेलं ठेवा. पिल्लं उडली की येते."

मी म्हटलं, घरटं अलगद उचलून दुसरीकडे ठेवू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. तीन आठवडे तुमचे आजोबा अंगणात धूर फुंकत पाणी तापवत होते आणि आंघोळ कधी साडेसहाला, कधी सातला होत होती. मावशी मात्र मध्येच एकदा नुसती पिल्लं बघायला येऊन गेल्या.

आता जे सांगते, ते मी आजवर तुमच्या आईशिवाय कुणाशी बोललेले नाही. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. थंडीचे दिवस. तुमच्यातला थोरला तेव्हा नऊ दिवसांचा होता. आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात, हे तुम्ही ऐकलं असेल. खाटेजवळ निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा टाकायचा आणि बाळाला वारा लागू नये म्हणून खोली बंद. माझ्या थोरल्या वन्सं, म्हणजे तुमच्या आजोबांच्या मोठ्या बहीण, खास यासाठी येऊन राहिल्या होत्या. खोली बंद करायचं काम मात्र मी केलं, आणि मी केलं म्हणजे नीटच केलं. खिडकीच्या फटींत कापूस भरला. वरच्या झरोक्यात गोधडीची घडी कोंबली. दाराखाली पोतं सारलं. मुंगीलासुद्धा वाट ठेवली नाही.

बाळंतिणीसाठी बंब जास्त पेटत होता, म्हणून फेरी नसतानाही त्या दिवशी दुपारी मावशी त्याचं धुराडं झाडायला आल्या होत्या. काम आटपून, हातपाय धुऊन, बाळासाठी आणलेलं टोपडं घेऊन त्या खोलीच्या दाराशी आल्या. दार उघडलं आणि आत न जाता तिथेच थांबल्या.

"बाई, ह्या खोलीला नाकच न्हाई की."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. तुमच्या आईला त्यांनी विचारलं, "पोरी, डोकं दुखतंय का गं?"

"सकाळपासून फुटतंय, मावशी. मळमळतंयही."

"आन् बाळ?"

उत्तर माझ्या मागे उभ्या असलेल्या वन्संनी दिलं, तेही कौतुकाने. "बाळ इतकं गुणी आहे, सकाळपासून रडलं नाही. दूधसुद्धा मागत नाही."

"गुणी न्हाई, गुंगलंय ते!"

एवढं बोलून मावशी आत घुसल्या. दाराखालच्या पोत्याने शेगडी धरून उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. परत येऊन खिडकी ढकलली, काठीने झरोक्यातली गोधडी खाली पाडली. वन्सं ओरडत होत्या, "अहो, ओली बाळंतीण आहे! तुमचं काम बंबाचं, बाळंतिणीच्या खोलीत तुमचं काय काम?" आणि मी, तुमची शिकलेली आजी, काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "मावशी, बाळाला वारा लागेल."

"वारा लागला तर शिंकंल, बाई. हे लागलं तर शिंकायला न्हाई उरायचं. धरा पोरीला, उन्हात आना."

तुमच्या आईला उभं राहवत नव्हतं. मी आणि वन्संनी तिला धरून ओसरीवर आणलं. बाळ मावशींच्या हातात होतं, हात-पाय सैल पडलेले. त्या त्याचे तळपाय चोळत होत्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घड्याळ बघायचं मला त्या दिवशी सुचलं नाही. मग त्याने तोंड वाकडं केलं आणि एक बारीक, चिरका सूर काढला.

"रड, रड माज्या राजा," मावशी म्हणाल्या, "शिव्या दे तुज्या आजीला."

रिक्षा आली, दवाखाना झाला, दोघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर तसंच राहिलं असतं तर सांगता आलं नसतं. मग मला त्यांनी समजावून सांगितलं की निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, धूर दिसत नसला तरी तो असतो. मी मान खाली घालून ऐकत होते. शाळेत विज्ञान शिकवताना हेच वाक्य नोकरीभर मी फळ्यावर लिहीत आले होते. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजीतून झालं; त्या वायूचं सूत्र मला झोपेतही आलं असतं. पण ते सूत्र फळ्यावर राहत होतं आणि शेगडी माझ्या घरात.

मावशींना मात्र सूत्र माहीत नव्हतं. तुम्हाला कसं कळलं, असं मी नंतर चहा देताना विचारलं. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ऊसतोडीला गेलतो आमी. माजी धाकली जाऊ, थंडीनं काकडली म्हनून कोपीत, पाचटाच्या खोपटात, घमेल्यात निखारे घेऊन निजली. वरून ताडपत्री घट. सकाळी उटलीच न्हाई." कप पुन्हा उचलून म्हणाल्या, "तवापासून मी लोकांची घरं हुंगत फिरते."

पुढे वन्संनी शेक चालू ठेवला, पण मावशींच्या पद्धतीने. निखारे अंगणात, त्यावर फडकं गरम करायचं, फडकं तेवढं आत न्यायचं. नंतर मी हौसेने न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवला, तर त्यांनी तोही भिंतीबाहेर काढायला लावला. "जे जळतंय, त्याला भाईर ठेवा. न्हाईतर त्याचं नाक तरी भाईर काढा." वन्सं त्यांना पुढे 'डॉक्टरीणबाई' म्हणू लागल्या. आधी टोमण्याने, मग मनापासून.

आता त्या आमच्याकडे येत नाहीत. गुडघे गेले, तेव्हा लेकाने त्यांना तलवाड्याला नेलं. गल्लीतले बंबही गेले. गेल्या हिवाळ्यात त्यांची नातसून बाळंत झाली म्हणून मी बाळंतविडा घेऊन एसटीने तलवाड्याला गेले. बघते तर बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर मावशी मांडी घालून बसलेल्या. दार सताड उघडं, कारण ते लावायचं तर आधी त्यांना उचलावं लागलं असतं.

नातसुनेच्या आजी शेगडी तयार ठेवून ओसरीवर फणफणत होत्या. "सांगा हो बाई तुमी तरी! उंबऱ्यावर बसू नये, लक्ष्मी अडती."

"लक्ष्मीला म्हनावं, वलांडून ये," मावशी जागच्या हलल्या नाहीत. "जेवान मला हितंच आना."

मी विचारलं, "मावशी, किती दिवस बसणार अशा?"

"सव्वा म्हैना."

मी पिशवी खाली ठेवली. चप्पल काढली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या थोड्या सरकल्या. उंबरा अरुंद होता, पण आम्ही दोघी मावलो. त्यानंतर ते दार लावायची त्या घरात कुणाची टाप नव्हती.