शनिवारची बैठक

माझी वेणी कापणाऱ्या पोराला आता टक्कल पडलंय. परवा वसमतच्या बसस्थानकावर दिसला. टोपी काढून घाम पुसत होता आणि कपाळापासून टाळूपर्यंत सगळं रान मोकळं. अजून तिशी गाठली नाही गड्यानं. मी खांबाच्या आडोशाला राहून नीट, पोटभर बघून घेतलं. त्या नादात माझी औंढ्याची बस निघून गेली, तरी वाईट वाटलं नाही. लोक म्हणतात, लहानपणीचं काय धरून बसायचं. ज्यांचं काही गेलेलं नसतं, त्यांना असं म्हणायला काही लागत नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आमचा सगळा कारभार परभणीला. कुरुंद्याच्या अलीकडच्या गावात आमचं घर. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन बाहेर पडायचे आणि होळीच्या सुमाराला परतायचे. जाताना आणि येताना मेंढरं बसायची ती गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानात. आम्ही त्यांना मालक म्हणायचो. रात्रभर कळप रानात बसला की लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं आणि शेतकरी त्याबदली ज्वारी देतो. त्या ज्वारीवर आमचं वर्ष निघायचं. वेणी कापणारा पोरगा याच मालकाचा एकुलता एक दिवटा. माझ्याच वर्गात, सातवीत.

आम्हा मेंढरंवाल्यांच्या पोरींना शाळेत बँ बँ करून चिडवायची रीतच होती. त्याची मला सवय झाली होती. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, परिपाठाला आम्ही ओळीत उभे राहिलो आणि प्रार्थना सुरू झाली. प्रार्थनेला डोळे मिटायचा नियम. मी नियम पाळणारी पोरगी, मी घट्ट मिटले. मानेजवळ गार लोखंड लागलं, कच्चकन आवाज आला आणि माझं डोकं एका बाजूनं हलकं झालं. डोळे उघडले तर लाल रिबिनीसकट माझी डावी वेणी धुळीत पडली होती. मागं तो कातर घेऊन उभा. "मेंढी कातरली रे," म्हणाला. सगळी शाळा हसली. माझी मैत्रीणही हसली, ते मी तिलाही कधी विसरू दिलं नाही.

कातर बघितल्याबरोबर मी ओळखली. ती आमचीच होती, वडिलांची, लोकर कातरायची. दिवाळीत मेंढरं मालकाच्या रानात होती तेव्हा ती हरवली होती. वडिलांनी सगळं रान पालथं घातलं आणि शेवटी बोलणी मला बसली, कारण मीच ती धार लावायला नेली होती. ते उसनी कातर घेऊन कळपामागं गेले. जाताना माझ्याशी बोललेही नाहीत.

हेडमास्तर गुरुजींनी त्याला ऑफिसात नेऊन छडीनं फोडून काढला. मग मला म्हणाले, "झालं ना आता? जा, बस वर्गात." काय झालं होतं? दुपारच्या सुट्टीत तो नळापाशी उभा राहून सुजलेले हात पोरांना दाखवत होता आणि पोरं आ वासून बघत होती. तो शूर झाला आणि मी एका वेणीची. मार त्यानं खाल्ला, गुरुजींनी दिला, दोघांचा हिशेब मिटला. त्यात मी कुठंच नव्हते.

संध्याकाळी आईनं दुसरी वेणीही कापली, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. ती कापताना मी पहिल्यांदा रडले. आई म्हणाली, "बापाला सांगायचं न्हाई. त्यो मालकाच्या अंगावर जाईल आन् आपलं रान जाईल. उवा झाल्या होत्या म्हणू." मला तिनं देवळीतल्या देवापुढं शपथ घ्यायला लावली. वर म्हणाली, "आन् ती शाळा बस झाली. मेंढरामागं जा आता."

दुसऱ्या दिवसापासून मी घरी बसले. त्याचे केस कसे कापायचे याचा विचार करत बसले, दुसरं काही केलं नाही. मेंढी कशी आडवी पाडतात, पाय कसे बांधतात, कातडीला न लागता कातर कशी चालवतात, हे मला येत होतं. त्याच्या बाबतीत कातडीला लागलं असतं तरी चाललं असतं.

शाळेत त्या वर्षी नव्या बाई आल्या होत्या. वसमतच्या, बौद्ध घरातल्या, पहिलीच नेमणूक. त्या आमच्या घरी आल्या. आईनं दारातच सांगितलं, पोरगी येणार नाही. बाई उंबऱ्यावर बसल्या, पाणी मागून प्यायल्या आणि मला विचारलं, "तुला काय पायजे?" तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "त्याला इतकं वाईट वाटाय पायजे जितकं मला वाटलं." बाई म्हणाल्या, "मंग शाळेत ये. घरी बसून ते कसं व्हणार?" आईला हे पटलं नाही, मला मात्र बराबर पटलं.

बाईंच्या वस्तीत विहारात बायका भांडण मिटवायला सतरंजीवर गोल बसायच्या. जिची पाळी तिनंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तीच तऱ्हा त्यांनी शाळेत आणली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की लिंबाखाली सातवीचा वर्ग गोल बसायचा. हातात डस्टर असेल त्यानं बोलायचं. काय झालं, कुणाला लागलं, काय केलं तर भरून येईल, एवढंच बोलायचं. आणि एक नियम बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितला: बैठक संपली का नाही, हे जिला लागलं ती सांगेल. ती व्हय म्हणेपर्यंत दर शनिवारी बसायचं.

बिचाऱ्या बाई. बारा वर्षांची पोर आहे, दोन-तीन शनिवारात विरघळेल, असं त्यांना वाटलं असणार. मेंढरंवाल्यांची जिद्द त्यांना माहीत नव्हती.

पहिल्या शनिवारी तो दात काढत म्हणाला, "चुकलं, माफी मागतो." डस्टर माझ्याकडं आला. मी म्हणाले, "त्याचं मुंडण करा, भर शाळेत." आमच्याकडं बाप जिवंत असताना पोराचं डोकं भादरत नाहीत, बाप मेल्यावर भादरतात. त्याचं हसणं गेलं. ते बघून मला दिवाळीपेक्षा बरं वाटलं. बाई म्हणाल्या, "ते न्हाई करता येणार. दुसरं सांग." मी म्हणाले, "मंग न्हाई."

"संपलं का?"

"न्हाई."

असं सुरू झालं. दर शनिवारी बाकीची शाळा कुरणाकडं खेळायला पळायची आणि आमचा वर्ग लिंबाखाली. पोरं त्याच्यावर कावायला लागली, कारण त्याच्यामुळं त्यांचा खेळ बुडायचा. मला हे फार आवडायचं. एकदा तो नव्या रिबिनी घेऊन आला. केस मानेच्या वर गेलेल्या पोरीला रिबिनी! मी त्या आमच्या शेळीच्या गळ्यात बांधल्या आणि शेळी त्याच्या दारावरून फिरवून आणली. मग एका शनिवारी बाईंनी त्यालाच विचारलं की तू काय करशील. तो खूप वेळ डस्टर हातात फिरवत बसला आणि म्हणाला, "तिला कुणी बँ केलं तर मी त्याला अडवीन." आणि अडवलं त्यानं. मोठ्या पोरांशी भांडला, एकदा ओठ फोडून घेतला. शाळेतलं बँ बँ बंद झालं. हे मी कबूल करते, पण खुशीनं नाही.

"संपलं का?"

"न्हाई."

आई रोज विचारायची, शाळा सोडतीस का. मी कशी सोडणार? मी सोडली की बैठक आपोआप बंद, आणि तो सुटला. थंडीवाऱ्यात, तापात, मी शाळेत. बसायचंच आहे म्हणून अभ्यासही करायला लागले. तो गणितात माझ्या पुढं होता, तेही मला सहन होत नव्हतं.

होळीच्या आधी वडील कळप घेऊन परतले. आईनं उवांची गोष्ट सांगितली, त्यांनी ऐकून घेतली. पण मालकाच्या कानावर बैठकीचं गेलं होतं. आपला पोरगा दर शनिवारी मेंढरंवाल्याच्या पोरीसमोर खाली बसतो, हे गावात बोललं जायला लागलं होतं. त्यांनी वडिलांना निरोप धाडला: ते शाळेतलं मिटवा, न्हाई तर यंदा मेंढरं दुसरीकडं बघा.

त्या शनिवारी दोघंही शाळेत आले. मालक पुढं, वडील मागं. मालकांनी नारळ आणि आईसाठी खणाचं कापड आणलं होतं. गावात भांडण मिटवायची ती पद्धत: नारळ ठेवायचा, समोरच्यानं उचलायचा, झालं. त्यांनी नारळ माझ्यापुढं ठेवला. वडील म्हणाले, "माय, मिटव आता. उचल."

वर्षाची ज्वारी त्या नारळात होती, हे मला कळत होतं. बाईंनी डस्टर माझ्या हातात दिला. मी मालकांना विचारलं, "काय मिटवू? तुमाला म्हाईत हाय का काय झालं ते?"

"हाय की. फाटकात केस आडकले, पोरं हासली. लेकरांची मस्करी. त्याचं इतकं काहून धरून राहिली तू?"

म्हणजे घरी त्यानं असं सांगितलं होतं. मी डस्टर त्याच्यापुढं धरला. बापासमोर तो हात पुढं करेना. मी धरूनच ठेवला. शेवटी घेतला आणि खाली बघून बोलला. प्रार्थना चालू होती ते, तिचे डोळे मिटलेले होते ते, मेंढी कातरली म्हणलो ते, सगळं. मग माझ्या वडिलांकडं बघून म्हणाला, "कातर तुमचीच व्हती काका. मीच नेली व्हती वावरातून."

मालकांचा हात वर गेला. मी ओरडले, "मारू नका!"

तेवढ्यात वडील उठले. माझ्याकडं बघितलं, माझ्या केसांकडं बघितलं. त्यांनी नारळ उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मालकांच्या हातात परत दिला. "मालक, हे राहू द्या. मेंढरं दुसरीकडं बसवू आमी," म्हणाले आणि माझ्या शेजारी गोलात येऊन मांडी घालून बसले. ते वर्ष आम्ही औंढ्याच्या पुढं, अनोळखी रानांत काढलं आणि ज्वारी कमी आली. पण मला बोलणी बसली नाहीत. उलट मला पुढं कुरुंद्याच्या हायस्कुलात घालायला वडील स्वतः आले.

त्या शनिवारीही बाईंनी विचारलं आणि मी नाहीच म्हणाले. वर्ष संपलं, आम्ही पांगलो, बाईंची बदली झाली.

पुढं मी डीएड केलं, शिक्षणसेवक म्हणून लागले. जिल्हा वेगळा झाल्यावर हिंगोलीला एक प्रशिक्षण होतं, मुलांना न मारता शिस्त कशी लावायची यावर. हॉल शिक्षकांनी भरलेला. माईकसमोर बाई उभ्या. केस पिकायला लागले होते, आवाज तोच. त्या माझीच गोष्ट सांगत होत्या. "आणि मालकांनी हात उचलला, तेव्हा ती एवढीशी पोर म्हणाली, मारू नका! त्या क्षणी तिनं त्याला माफ केलं." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या मॅडमनी पदरानं डोळे पुसले.

मी उठले. "बाई, ती मी."

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. बाईंचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर कीव आली. पण मी बोलले. "मी माफ केलं नाही, बाई. आधी छडी खाऊन तो एकदा सुटला होता. त्या शनिवारी बापाचा मार खाल्ला असता तर पुन्हा सुटला असता. तो सुटायला नको होता, म्हणून ओरडले."

शेजारच्या मॅडमनी डोळ्यांचा पदर खाली घेतला. मी म्हणाले, "तुम्ही दर शनिवारी विचारलं आणि माझं नाही ऐकून घेतलं. एकदा जरी म्हणाल्या असतात की पुरे आता, माफ कर त्याला, तर मी दुसऱ्या दिवशी मेंढरामागं गेले असते."

बाई माईक माझ्याकडं धरून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं चुकीचं सांगून राहिले. ये, तू सांग."

मी पुढं गेले. हॉलमध्ये आमच्या गावचे, त्याच्या भावकीतले शिक्षक बसले होते, ते मी आधीच बघून ठेवलं होतं. घसा साफ केला आणि सगळ्यात आधी त्याचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट.