दुकानाला नको असलेलं गिऱ्हाईक

वहिनी लग्न होऊन केडगावला आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत साड्यांच्या खाली पुठ्ठ्याच्या पाकिटातली एक सीडी होती. लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणाऱ्या, कुणालाही फुकट मिळणाऱ्या प्रणालीची. परदेशातून पोस्टानं फुकट आलेली. दौंडला माहेरी असताना त्यांनी ती मागवली होती आणि स्वतःचा कॉम्प्युटर नसल्यामुळे नुसतीच जपून ठेवली होती.

आमच्या घरी मात्र कॉम्प्युटर होता. दादा रांजणगावला एका कंपनीत होता. तिथं जुनी मशिनं कामगारांना स्वस्तात दिली, त्यातलं एक त्यानं आणलं होतं. आतलं सगळं पुसलेलं, त्यामुळे चालू केलं की काळा पडदा आणि त्यावर एक उघडझाप करणारी रेघ. मी तेव्हा कॉलेजला होते. दौंड स्टेशनबाहेर सीडी विकणाऱ्याकडून विंडोज टाकून आणू, असा माझा आणि दादाचा बेत होता.

"चोरीचं कशाला?" वहिनी म्हणाल्या. "माझ्याकडं आहे की."

एका दुपारी त्यांनी लिनक्स टाकलं आणि वर सगळं मराठीतही करून ठेवलं. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते, नुकतेच रिटायर झालेले. पडद्यावर 'दस्तऐवज', 'चित्रे', 'कचरापेटी' अशी अक्षरं बघून ते खुर्ची ओढून बसले. "आरं, ह्ये तर आपलं बोलतंय," म्हणाले.

वहिनींनी सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. त्यातली नोकरी मिळाली नाही म्हणून त्या स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायच्या. पण जीव पुलांत. दादाबरोबर मोटरसायकलवर शिरूरला निघाल्या की पारगावच्या पुलावर गाडी थांबवायला लावायच्या आणि कठड्याला टेकून खालचे खांब बघायच्या. दादा म्हणायचा, "लोक नदी बघतात, ही पुलाची तब्येत बघती."

क्लासमध्ये विंडोजची मशिनं होती. तिथं एका मास्तरांनी एका गेमचा नमुना उतरवून आणला. दरी असायची, दोन्ही कड्यांवर रूळ, आणि मधला पूल आपण बांधायचा. लोखंडाच्या पट्ट्या जोडायच्या, ताण कुठं येतो ते बघायचं, मग वरून आगगाडी सोडायची. पूल चुकला की डबे एकामागोमाग खाली. नमुन्यात मोजकेच पूल होते, ते वहिनींनी संपवले. त्या दिवशी घरी आल्या त्या भाकरी थापताना बोटानं पिठात त्रिकोण काढत होत्या.

"हा पूर्ण गेम मला पाहिजे," म्हणाल्या. त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तोवर आठवत नव्हतं.

तो गेम इंटरनेटवरच्या एका मोठ्या दुकानात होता. कार्डानं पैसे भरायचे आणि गेम थेट कॉम्प्युटरवर उतरवायचा, ही पद्धत तेव्हा नवीन होती. दादानं पगाराच्या खात्याचं कार्ड काढून दिलं. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. गेमच्या चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: फक्त विंडोजसाठी. शिवाय काहीही घ्यायचं तर आधी दुकानाचाच एक प्रोग्रॅम बसवावा लागायचा आणि तो लिनक्सवर बसत नव्हता.

दादानं लगेच तोडगा काढला. "दौंडला स्टेशनबाहेर मिळंल ही सीडी, विंडोजसकट. उद्या आणतो."

"अहो, रविवारी वंदनेला बसल्यावर न दिलेलं घेणार नाही म्हणतो ना आपण? ते काय फक्त दुसऱ्याच्या शेतातल्या कणसांपुरतं आहे का?"

पंचशील आम्ही लहानपणापासून म्हणत आलो होतो. ते सीडीला लावून कुणी बघितलं नव्हतं. दादा हसला आणि म्हणाला, "बरं बाई. मग विंडोजच विकत घेऊ."

"एका गेमसाठी चांगलं चाललेलं सगळं काढून टाकायचं? मी काय चूक केली म्हणून?"

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवून घेणारा एक प्रोग्रॅम असतो. वहिनींनी तो बसवला. लोकांनी इंटरनेटवर लिहून ठेवलेल्या सूचना वाचून, एकेक आज्ञा टाइप करून, दुकानाचा प्रोग्रॅम एकदाचा उघडला. त्या टाळ्या वाजवत स्वयंपाकघरापर्यंत आल्या. आता सुट्टीच्या दिवशी निवांत बसून गेम घ्यायचा असं ठरलं. पण त्याआधीच दुकानानं आपला प्रोग्रॅम बदलला आणि तो पुन्हा उघडेना. कुणी न सांगता कुलूप बदलावं तसं झालं. मला इतका राग आला की मी माऊस आपटला. वहिनींनी माऊस सरळ करून ठेवला आणि डिक्शनरी घेऊन दुकानाला मेल लिहायला बसल्या.

पहिलं उत्तर आलं की कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. दुसरं, विंडोज अद्ययावत करा. ते वाचून वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तिसऱ्या मेलला मात्र कुणा खऱ्या माणसानं उत्तर दिलं. त्यानं सभ्यपणे लिहिलं होतं की लिनक्सवाली गिऱ्हाइकं फार थोडी आहेत, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

"मोजतात कसं हे?" वहिनी म्हणाल्या. "दार आमच्यासाठी बंद ठेवायचं आणि मग म्हणायचं, आत कुणी दिसत नाही."

हेच त्यांनी इंग्रजीत करून पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही.

मी असते तर तिथंच सोडलं असतं. वहिनींनी गेम बनवणारा कोण ते शोधलं. दूर कुठल्या थंड देशात एकटा माणूस होता, घरी बसून बनवायचा. त्याला त्यांनी लिहिलं की मी भारतातल्या एका गावात असते, पूल मला आवडतात, तुमच्या गेममधला कमानीचा पूल फार सुरेख आहे, आणि तो मला विकत घेता येत नाही. दोनच दिवसांत त्याचं लांबलचक उत्तर आलं. लिनक्ससाठी त्यानं एक कच्ची प्रत करून बघितली होती, पण जुन्या मशिनवर ती तपासायला त्याच्याकडं कुणी नव्हतं. तुम्ही तपासाल का?

मग आमच्या घरात वेगळंच काम सुरू झालं. आमचं इंटरनेट अगदी हळू, म्हणून वहिनी क्लासमध्ये, मास्तरांना विचारून, नवी प्रत पेनड्राइव्हवर उतरवून आणायच्या. लोडशेडिंगच्या वेळा बघून भाजी चढवायच्या. लाइट आली की पूल बांधायचा, बिघडलं ते लिहून पाठवायचं, तिकडून दुरुस्त होऊन आलं की पुन्हा तेच. आवाजच यायचा नाही. कधी पूल दिसायचा, पण गाडी त्याच्या आरपार खाली पडायची. वहिनींची चिडचिड झालेली मी बघितली नाही असं नाही. एकदा त्या उठून सरळ अंगणात गेल्या आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. पण आत येऊन लिहिलं ते नीट, पायरीपायरीनं, काय केल्यावर काय झालं असं.

एक बिघाड फार छळत होता. बांधलेला पूल साठवला की नाहीसा व्हायचा. तिकडच्या माणसाच्या मशिनवर सगळं ठीक चालायचं. त्याला वाटलं आमची हार्डडिस्क खराब असेल. वहिनी एकेक गोष्ट बदलून बघत राहिल्या. एका सकाळी मी कॉलेजला निघाले होते तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"अगं, इकडं ये. हा गेम पूल कुठं साठवतो माहितीये? दस्तऐवजमध्ये. आणि त्याला दस्तऐवज वाचताच येत नाही!"

फोल्डरचं नाव इंग्रजीत केलं की पूल जागेवर राहायचा, मराठीत केलं की जायचा. गेमला देवनागरी अक्षरं कळत नव्हती. फोल्डरचं नाव इंग्रजी ठेवून वहिनींना पुढं खेळता आलं असतं. त्यांनी मराठीच ठेवलं आणि त्या माणसाला लिहिलं की नाव बदलून माझं काम होईल, पण माझ्यामागून येणाऱ्याचं अडेल. त्यानं कबूल केलं की असं काही असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि गेम दुरुस्त केला.

शेवटी लिनक्सची पक्की प्रत त्यानं स्वतःच्या वेबसाइटवर विकायला ठेवली. वहिनींना फुकट देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि दादाचं कार्ड घेऊन विकत घेतली. मी म्हटलं, "वहिनी, एवढं राबलात, आता फुकट घेतलं तर काय बिघडतं? दिलेलंच तर आहे."

"दिलेलं आहे, खरंय," त्या म्हणाल्या. "पण विकत घेतलं की मी गिऱ्हाइकांत धरली जाणार. कुणीतरी धरली गेली पाहिजे ना."

त्या संध्याकाळी आबांना शेजारी बसवून त्यांनी मोठी दरी उघडली. आबांनी आयुष्यभर रुळांवर काम केलेलं. वहिनी पट्ट्या जोडत होत्या आणि आबा मान पुढं काढून बघत होते. गाडी पुलावर आली, पूल मध्यभागी जरासा वाकला, आबांनी माझा हात धरला. शेवटचा डबा पार झाला तशी त्यांनी हात सोडला.

"माझी सून हाय, पूल पडायचा न्हाई," ते म्हणाले, जणू त्यांना आधीच ठाऊक होतं.

दुकानानं त्या वर्षांत लिनक्ससाठी दार उघडलं नाही. वहिनी मधूनमधून बघायच्या, ती बारीक अक्षरं तशीच असायची, आणि त्या पुन्हा मेल लिहायच्या. दुसऱ्या कुणाचे गेमही तपासून द्यायला लागल्या होत्या. पुढं दादानं शिरूरला खोली घेतली, तिथं वहिनींनी स्वतःचा छोटा क्लास काढला आणि सगळ्या मशिनांवर लिनक्स टाकलं. एकदा मी तिथं गेले होते. शिकायला आलेली एक बाई दुकानाचा तो प्रोग्रॅम इथं का बसत नाही म्हणून विचारत होती. वहिनींनी तिच्याकडं खुर्ची सरकवली.

"बसा," म्हणाल्या. "आपण दोघी मिळून त्यांना विचारू."