नाही म्हणणारी आमची तिघं

किस्से शोधायला मला कुठे जावंच लागत नाही. बोईसरला आमचा छोटा ब्युरो आहे. आजारी, म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन काळजी घेणारी माणसं आम्ही पाठवतो. कोणी कुठे जायचं ते मी ठरवते. ड्युटी संपली की माणूस माझ्या टेबलाशी येतो, घटाघटा पाणी पितो आणि सुरू होतो, "मॅडम, आज काय झालं माहितीय का?" असे किस्से साठत जातात. नावं तेही गाळतात, मीही गाळते.

नवीन माणसाला मी नियम सांगते. सांगायला सोपे आहेत हो! पाळायचे कसे, ते मला वनिताताई, हेमा आणि दिनेश या तिघांनी दाखवलं.

* * *

वनिताताई मूळच्या सांगलीकडच्या. नवरा एमआयडीसीत, म्हणून इकडे आल्या. एका घरी त्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं बघायच्या. सून कामावरून आली की दारातच हळूच विचारायची, "आज माझ्याबद्दल काही बोलल्या का?"

ताई हसून विषय बदलायच्या. शेवटी सून चिडली. "सांगा ना! मी कुणाला सांगणार आहे?"

"अहो, सासूबाईपण मला रोज हेच विचारतात," ताई म्हणाल्या. "तुम्ही काय बोलता ते! आधी त्यांना सांगू का?"

सूनबाईंनी पर्स ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी त्या सरळ सासूच्या खोलीत जाऊन बसल्या.

* * *

दुसऱ्या एका घरी परदेशातल्या मुलाने आईच्या खोलीत कॅमेरा बसवला होता. आईचं अंग पुसायची वेळ झाली की वनिताताई तो भिंतीकडे वळवायच्या. एकदा लगेच फोन आला. "कॅमेरा बिघडला का?"

"नाही दादा. आईंचं अंग पुसतेय."

"पण तो सेफ्टीसाठी आहे!"

"बरं. तुमच्या बाथरूमचा कॅमेरा कुणाच्या मोबाइलवर दिसतो, दादा?"

पलीकडून एकच शब्द आला, "सॉरी."

* * *

हेमा पालघरची, तिघांत लहान. दातिवऱ्याच्या एका कोळीण आजींकडे जायची. आजी जेवायच्याच नाहीत, दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. पण हेमाने मासळी घरी न्यावी म्हणून हट्ट रोजचा! आमच्याकडे वस्तू घेणं बंद. आजी भडकल्या. "पोरीला दोन बोंबील नेऊ देत नाय? असला कसला तुमचा हापिस?"

हेमा म्हणाली, "नेऊ देत नाहीत, आजी. पण इथे बसून खाऊ देतात. एकटी नाही हं खाणार मी."

त्या दिवसापासून आजी पोटभर जेवायला लागल्या. त्यांचा मुलगा मला फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमचा नियम लई चवदार हाय!"

* * *

हेमाचाच आणखी एक. एका पेशंटचा मुलगा, चांगला शिकलेला, नोकरीवाला. त्याने तिला सरळ लग्नाचं विचारलं. ती तशीच ऑफिसला आली. "मॅडम, मला या केसवरून काढा. दुसरं कुणीतरी पाठवा."

मी घाबरले. "त्रास दिला का त्याने?"

"नाही हो, सभ्य आहे. पण त्याच्या आईला मी आंघोळ घालते. तिथे असताना मी हो म्हटलं तरी चूक आणि नाही म्हटलं तरी आईचे हाल. बाहेर पडले की उत्तर देईन."

मी भारावले. मग न राहवून विचारलं, "काय उत्तर देणार आहेस गं?"

"ते तुमच्या कामाचं नाही, मॅडम!"

* * *

दिनेश घिवलीचा. बोलायला कमी. बोईसरच्या एका खोलीत पाय मोडलेला एक यूपीचा कामगार त्याच्याकडे सोपवला होता. दोघं एकाच वयाचे, गट्टी जमली. एक दिवस तो म्हणाला, "यार, तू तो दोस्त है. एक क्वार्टर ला दे ना."

दिनेश म्हणाला, "दोस्त बाद में. अभी तेरी गोलियां चालू हैं, और मैं ड्यूटी पे हूँ."

तो दोन दिवस रुसला. प्लास्टर निघाल्यावर कुबडी टेकत ऑफिसच्या दारात हजर! "भाई, ड्यूटी खतम?"

"खतम."

"तो अब दोस्त?"

"चल, चाय पीते हैं."

* * *

आणि हा दिनेशचाच, दांडी गावातला. तिथे एक म्हातारे तांडेल होते, आयुष्यभर होडी चालवलेले. आता काहीच आठवायचं नाही. मोठा मुलगा आजारपणात गेलेला, तेही नाही. दिनेश दारात आला की त्यांचा चेहरा फुलायचा. "आलास रं सुरेश?"

"मी दिनेश, बाबा," हा रोज सांगायचा. पेशंटशी खोटं बोलायचं नाही, त्याच्या घरचं कुणी व्हायचं नाही, हे आमच्याकडे पक्कं आहे.

तांडेलांच्या बायकोला ते बघवेना. एकदा तिने दिनेशचे हात धरले. "येकदा हो बोल ना रं. तुजा काय जातंय?"

दिनेशने मला फोन केला. "मॅडम, काय करू?" मी म्हटलं, "नियम तुला माहीत आहे. पण त्यांच्यासमोर तू उभा आहेस, मी नाही. तू ठरव."

दुसऱ्या दिवशी तांडेलांनी त्याचं मनगट घट्ट पकडलं. "खरा सांग. तू आमचा सुरेश नाय?"

दिनेश त्यांच्यासमोर खाली बसला. "नाय, बाबा. मी दिनेश."

म्हातारीने तोंड फिरवलं. तांडेलांनी मनगट सोडलं नाही.

"मंग तुजा बाप कुटं हाय?"

"नाय राहिला. मी लहान असतानाच गेला."

तांडेल खाटेवर थोडे बाजूला सरकले.

"मंग बस हितं."