वाचलेले पुस्तक, एक

आमच्या चांदा जिल्ह्याचा परदेशी व्यापार कित्येक वर्षे एकाच माणसाच्या टाकावर उभा होता. परदेश म्हणजे वर्धा नदीचा पलीकडचा काठ. बल्लारपूरहून डोंग्यात बसले की राजुऱ्याच्या बाजूला निजामाची हद्द लागे. पुढे निजामी गेली, पण करोडगिरीचा नाका, म्हणजे मालावर जकात घेणारी ती कौलारू खोली, तेवढी राहिली. तिच्यासमोर चिंचेखाली पेटी मांडून लोकांच्या मालाची यादी उर्दूत लिहून देणारे आणि ती नाकेदाराकडून पास करून आणणारे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी मुनशीभाऊ.

खोटे लिहायचे नाही आणि काही सोडायचे नाही, हा त्यांचा बाणा. कोणी कोंबडी नेत असेल तर ते नुसते ‘कोंबडी, एक’ लिहीत नसत. ‘तांबडी, डाव्या पायाने लंगडी, स्वभावाने तापट’ असे लिहीत. जंगलातून मोहफुलांची टोपली घेऊन आलेल्या एका म्हातारीच्या यादीत त्यांनी मुंग्याही चढवल्या होत्या. “मुंगीले जकात नाई बाई, पण हद्द तं ओलांडलीच ना तिनं?” आणि एकदा यादीत चढलेले काही ते खोडत नसत. एका यादीतले सारे एकदमच पार होणार, नाहीतर एकदमच थांबणार.

राजुऱ्याच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली तेव्हा मी अशाच एका यादीत सापडलो. त्याच दिवशी पाचच्या आत हजर झालो नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मुनशीभाऊंनी ‘मास्तर, एक, चष्मेवाले’ इथून सुरुवात केली आणि माझ्या पेटीतली पुस्तके उपसली. वापरलेल्या सामानाला जकात नव्हती. त्यामुळे प्रत्येक पुस्तकामागे ते विचारीत, “वाचलं काय?” मी “वाचलं” म्हणे, ते लिहीत. शेवटी तर्कशास्त्रावरचा तो जाडजूड ग्रंथ निघाला. तो मी पेटीला भारदस्तपणा यावा म्हणून घेतला होता.

“वाचला,” मी म्हणालो.

भाऊंनी तो उघडला. तेव्हा काही पुस्तकांची पाने कडेने जोडलेलीच येत; वाचणाऱ्याने ती कापायची.

“पानं तं जुळूनच हायेत, मास्तर. हुंगून वाचला काय?”

मग ग्रंथासमोर ‘नवा’ अशी नोंद झाली. नाकेदारसाहेब खिडकीतून म्हणाले, “नया माल है तो पीर को आओ. कीमत बड़े साहब ठहराएँगे.” पीर म्हणजे सोमवार. तोवर माझी जागा गेलेली असणार.

“भाऊ, ते पुस्तक खोडा. नदीत टाकतो मी ते!”

“खोडाले नाई जमत. वाचा. वाचलं का झालं वापरलेलं. सायबाले आयकू येईल असं वाचा.”

चाकूने पाने कापत मी भर दुपारी नाक्यावर तर्कशास्त्र वाचू लागलो. “सर्व मनुष्य मर्त्य आहेत.” खिडकीतून आवाज आला, “बात तो सही है.” चार झाले. छकडेवाला ओरडला, “येता का जाऊ मी?” मी सतराव्या पानावर होतो.

“पूरी हुई?” साहेबांनी विचारले.

“साहेब,” मुनशीभाऊ म्हणाले, “जोडा कोसभर चालला का वापरलेला होते. त्याची फाटाची वाट कोणी पायते काय?”

साहेब हसले आणि शिक्का बसला. मी पाचला दहा कमी असताना शाळेत पोचलो. इतका मोकळा श्वास मी पुन्हा फारसा घेतलेला नाही.

काही वर्षांनी नाका उठला. त्यानंतर एकदा सुटीत गावी निघालो, तर मुनशीभाऊ चिंचेखालीच बसलेले, पेटी बंद. मी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी एकेक वस्तू काढून पाहिली, अगदी सावकाश, आणि पुन्हा नीट भरून दिली. मग म्हणाले, “ते पुस्तक झालं काय पुरं?”

“झालं,” मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. अठराव्या पानापासून पुढे ते अजून कापायचे आहे.